हवेत फेकलेल्या चेंडूवर किती बलं? बाण काढायला शिकूया

एक चेंडू सरळ वर फेका. तो अजून वरच चाललाय, माथा गाठायला हातभर अंतर बाकी आहे. या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? कागदावर त्यांचे बाण काढा. पुढचं वाचायच्या आधी खरंच काढा, नुसतं मनात नको.

नववी-दहावीची मुलं माझ्याकडे शिकायला येतात आणि पहिल्याच दिवशी मी हा प्रश्न घालतो. बहुतेक वह्यांत तेच चित्र येतं. वर जाणारा मोठा बाण, त्याच्याशेजारी लिहिलेलं ‘हाताचं बल’. खाली जाणारा छोटा बाण, ‘गुरुत्वाकर्षण’. माथ्यावर दोन्ही बाण सारखे आणि उतरताना खालचा मोठा. चित्र देखणं आहे, सगळं कसं जुळून येतं, आणि ते चूक आहे. शाळेत मीही हेच काढलं होतं. वर त्याला पूर्ण गुणही मिळाले होते, त्यामुळे चूक कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

हा लेख ते चित्र दुरुस्त करण्यासाठी आहे. सामान घरातलंच लागेल: एक टेनिसचा आणि एक टेबल टेनिसचा चेंडू, प्लास्टिकची रिकामी बाटली, स्मार्टफोन आणि एक जाड गादी.

पायरी १ : ‘जोर’ हा शब्द बाजूला ठेवा

गोंधळाचं मूळ आपल्या बोलण्यात आहे. ‘चेंडूत जोर होता तोवर वर गेला, जोर संपला तसा खाली आला’ असं आपण सहज म्हणतो. यातला जोर म्हणजे नेमकं काय? कधी तो वेग असतो, कधी बल, कधी संवेग. घरात बोलायला हरकत नाही, पण बाण काढताना तीन वेगळे शब्द लागतात.

वेग चेंडूकडे असतो. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, तोही चेंडूकडेच असतो. बल मात्र चेंडूकडे नसतं. ते दुसऱ्या कुणीतरी चेंडूवर लावायचं असतं, आणि लावणारा थांबला की ते संपतं. चेंडू बल खिशात घालून नेऊ शकत नाही. हाताने दिलेला वेग तो बरोबर नेतो, हाताचं बल हातापाशीच राहतं.

ही चूक फार जुन्या घराण्यातली आहे, तेव्हा तुमचं चित्र चुकलं असेल तर लाजू नका. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये जाँ ब्यूरिदाँ हा तत्त्वज्ञ असंच काहीसं मांडत होता: फेकणारा वस्तूत एक प्रेरणा भरतो आणि तीच तिला पुढे नेते. त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे वैशेषिक दर्शनात, म्हणजे एका प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानात, धनुष्यातून सुटलेल्या बाणाचं विवेचन आहे. पहिली गती प्रत्यंचेच्या ढकलण्याने, पुढची गती ‘संस्कारा’मुळे (बाणात उरलेल्या प्रेरणेमुळे), आणि संस्कार संपला की गुरुत्वामुळे पतन. निरीक्षण फार बारकाईचं आहे आणि ‘गुरुत्व’ हा शब्द आपण आजही वापरतो. मात्र यावरून न्यूटनचे नियम आपल्याला आधीच ठाऊक होते असं कुणी सांगू लागलं तर मान डोलावू नका. न्यूटनने १६८७ साली मांडलं ते याच्या उलट होतं: गती टिकवायला काहीच लागत नाही, बदलायला बल लागतं.

पायरी २ : फेकीचे तुकडे पाडा

‘फेकलेला चेंडू’ असं एकदम बोललं की हातातला काळ आणि हवेतला काळ एकमेकांत मिसळतात. म्हणून तीन तुकडे करा: चेंडू हातात असताना, सुटल्यापासून झेलापर्यंत, आणि झेल घेताना.

आकडे घेऊन पाहू. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा, म्हणजे पृथ्वी त्याला सुमारे १.६ न्यूटन बलाने खाली ओढते. (१ न्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० ग्रॅमच्या वस्तूचं वजन.) तो १० मीटर, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीपर्यंत पोचवायचा असेल, तर हातातून सुटताना त्याचा वेग सेकंदाला १४ मीटर हवा. हाताला ढकलायला अंतर मिळतं जेमतेम अर्धा मीटर. तेवढ्यात शून्यापासून १४ पर्यंत पोचायचं, तर हाताला सरासरी ३३ न्यूटन बल लावावं लागतं. चेंडूच्या वजनाच्या वीसपट! पण किती वेळ? सेकंदाचा जेमतेम चौदावा भाग. त्यानंतर बोटं सुटली आणि ३३ चे एकदम शून्य झाले. पुढचे पावणेतीन-तीन सेकंद चेंडू हवेत आहे आणि त्या काळात हात काय करतोय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. तुम्ही हात खिशात घाला नाहीतर डोकं खाजवा.

झेलाच्या तुकड्यात पुन्हा हात येतो. खाली येणारा तोच चेंडू ५ सेंटीमीटरमध्ये थांबवला तर तळव्यावर ३०० न्यूटनच्या वर बल येतं, हात ३० सेंटीमीटर मागे नेत थांबवला तर ५०-५५ च्या आसपास. मैदानावर ‘हात सैल सोड, मागे घे’ म्हणून ओरडणारे काका भौतिकशास्त्रच सांगत असतात.

पायरी ३ : प्रत्येक बाणाला देणाऱ्याचं नाव विचारा

सगळा लेख विसरलात तरी ही पायरी लक्षात ठेवा. कुठलाही बाण काढण्याआधी विचारा: हे बल कोण लावतंय? उत्तरात एखादी वस्तू यायला हवी. हात, दोरी, जमीन, हवा, पृथ्वी. ‘गती’, ‘जोर’, ‘फेक’ ही उत्तरं चालणार नाहीत.

मग दुसरा प्रश्न: तो देणारा आत्ता चेंडूला टेकलेला आहे का? रोजच्या वापरातली बहुतेक बलं टेकल्याशिवाय लागत नाहीत. अपवाद पृथ्वीचा, ती दुरूनही ओढते. (चुंबक आणि विद्युतभारही दुरून ओढतात, पण चेंडूच्या गोष्टीत त्यांचं काम नाही.)

आता सुरुवातीचं चित्र परत घ्या. हात टेकलेला आहे का? नाही, तो बाण खोडा. पृथ्वी? आहे, कायम आहे. तिचा बाण खाली, १.६ न्यूटनचा, चेंडू वर चाललेला असो, माथ्यावर असो वा उतरत असो, लांबी तीच. हवा? टेकलेली आहे. तिचा बाण गतीच्या विरुद्ध, म्हणजे चेंडू वर चाललाय तर हवेचाही बाण खाली! वर जाणाऱ्या चेंडूवर वर नेणारा एकही बाण नाही. इथे बरेच जण अडतात. खाली ओढत असतानाही चेंडू वर कसा जातो? सायकल उतारावरून वेगात येते आणि पुढच्या चढावर पायडल न मारता काही अंतर जाते, तसाच. वेग कमी होत जातो, एवढंच.

पायरी ४ : पटलं नसेल तर करून बघा

*बाटली.* प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ बाजूला खिळ्याने भोक पाडा. बोट लावून पाणी भरा, झाकण लावू नका. बोट काढलं की धार लागते. आता अंगणात किंवा गच्चीवर जाऊन ती उभीच्या उभी वर फेका आणि शेजाऱ्याला फोनवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्यायला सांगा. बाटली हातातून सुटली की धार तुटते. उतरताना धार नसते हे अनेकांना अपेक्षित असतं, पण वर जातानाही ती नसते, ते बघण्यासारखं आहे. धार लागते कारण हात बाटलीला धरून ठेवतो आणि पाण्याला कुणी धरलेलं नसतं. बाटली सुटली की बाटली आणि पाणी दोघांवरही फक्त पृथ्वीची ओढ, दोघांच्याही वेगात सारखाच बदल. मग पाणी बाटलीबाहेर कशाला पडेल? वर नेणारं हाताचं बल बाटलीच्या अंगात शिल्लक असतं, तर चढताना धार चालू राहायला हवी होती. (बाटली गिरक्या घेऊ लागली तर पाणी उडतं. पाचसहा वेळा सराव करा, कपडे जुने घाला.)

*फोन.* हा प्रयोग मुलांना जास्त आवडतो आणि आईवडिलांना कमी. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत ॲप बनवलंय. ते फोनमधल्या त्वरणमापकाचा आलेख दाखवतं. (त्वरण म्हणजे वेग दर सेकंदाला किती बदलतो ते.) ‘गुरुत्वासह त्वरण’ हा पर्याय निवडा, त्यात एकूण त्वरणाचा आलेख उघडा, मापन सुरू करा आणि फोन गादीच्या वर अर्धा मीटर उडवून गादीवर पडू द्या. सोफ्यावर नको, तिथून घरंगळतो.

आलेख वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्या. हा मापक पृथ्वीची ओढ मोजत नाही. फोनला टेकून ढकलणारं जे असेल त्याची खबर तो देतो. म्हणून टेबलावर नुसता पडलेला फोन ९.८ दाखवतो, कारण टेबल त्याला वर ढकलतंय. उडवताना आकडा एकदम चढतो, तो हात. मग तो शून्याजवळ येतो आणि सुमारे ०.६ सेकंद तिथेच राहतो. त्यातला अर्धा काळ फोन वर जातोय, मधे माथा आहे, उरलेला अर्धा काळ तो खाली येतोय. आलेखात वर जाणं कुठे संपलं आणि खाली येणं कुठे सुरू झालं, हे ओळखताच येत नाही. शेवटी एक उंच टोक दिसतं, ती गादी.

रेषा अगदी शून्यावर बसली नाही तर घाबरू नका. फोन गरगरला की मध्यापासून थोडा बाजूला बसवलेला मापक गोल फिरतो आणि थोडं त्वरण दाखवतो. कमीत कमी गिरकी देऊन उडवायचा.

पायरी ५ : माथ्यावर थांबा

माथ्यावर वेग शून्य असतो. त्यावरून ‘बलही शून्य’ असं लिहायचा मोह होतो, किंवा ‘दोन्ही बलं समान’ असं. तसं असतं तर चेंडू तिथेच टांगलेला राहिला असता. शून्य वेग आणि शून्य बल असलेल्या वस्तूला हलायचं कारणच नाही. वेग शून्य आहे तो एका क्षणापुरता, आणि तो शून्यावरून पुढे सरकतो कारण पृथ्वीचा बाण तिथेही पूर्ण लांबीचा आहे.

गंमत अशी की वारा नसेल आणि फेक सरळ वर असेल, तर चित्र सगळ्यात सोपं असतं ते याच जागी. चेंडू थांबलेला, म्हणून हवेचा विरोधही शून्य. उरतो एकच बाण.

पायरी ६ : हवेचा हिशोब

पुस्तकात ‘हवेचा विरोध नगण्य मानू’ असं एक वाक्य असतं. कधी मानायचं आणि कधी नाही, हे मात्र सहसा सांगितलेलं नसतं. नियम म्हणून एवढं ठेवा: वेग दुप्पट झाला की विरोध साधारण चौपट होतो, आणि वस्तू जितकी मोठी व हलकी तितकी हवा तिला भारी पडते.

आपला क्रिकेटचा चेंडू सेकंदाला १४ मीटर वेगाने सुटला तेव्हा त्याच्यावर हवेचा विरोध सुमारे पाव न्यूटन, म्हणजे वजनाच्या सहाव्या-सातव्या भागाइतका. दुर्लक्ष केलं तर फारसं बिघडत नाही. वेगवान गोलंदाजाच्या ताशी १४० किलोमीटरच्या चेंडूवर मात्र तोच विरोध चेंडूच्या वजनाच्या घरात जातो. मग हवेला विसरून केलेलं गणित कागदावरच राहतं.

टेबल टेनिसचा चेंडू घेतला तर खेळच बदलतो. २.७ ग्रॅम वजन, ४ सेंटीमीटर व्यास. कितीही उंचावरून सोडा, त्याचा वेग सेकंदाला साडेआठ मीटरच्या आसपास जाऊन अडकतो, कारण तिथे हवेचा वर जाणारा बाण वजनाच्या बाणाइतका झालेला असतो. हा चेंडू सेकंदाला ८ मीटर वेगाने सरळ वर मारला तर? हवा नसती तर तो ३.३ मीटर चढला असता. मी हवा धरून हिशोब केला तेव्हा आलं २.३ मीटर. चढायला लागतात ०.६५ सेकंद, उतरायला ०.७३. हातात परत येतो तेव्हा वेग उरतो ५.८.

उतरायला जास्त वेळ का, हे बाणांवरून लगेच दिसतं. चढताना पृथ्वी आणि हवा दोघीही खाली ढकलतात, म्हणून चेंडू लवकर थांबतो. उतरताना पृथ्वी खाली आणि हवा वर, म्हणून तो सावकाश येतो. फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रांचा स्लो मोशन असेल तर चित्रं मोजून पाहा: चढताना साधारण १५६, उतरताना १७५. घरचं छत आडवं येईल, जिन्याच्या मोकळ्या जागेत करा. पंखा बंद हवा, हे सांगायला नको.

हवा पूर्ण काढून टाकली तर काय होतं ते चंद्रावर दिसलं. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने एका हातातून हातोडी आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकदम सोडलं. दोन्ही एकदमच जमिनीला टेकले. त्याचा व्हिडिओ सहज मिळतो.

हवा आणखी एक बल लावते, वर उचलणारं प्लावक बल. क्रिकेटच्या चेंडूवर ते पाव ग्रॅमच्या वजनाइतकं असतं, विसरून जा. वाढदिवसाच्या फुग्याच्या चित्रात मात्र तो बाण काढावाच लागतो, नाहीतर फुगा इतका रेंगाळत का उतरतो ते पूर्ण समजणार नाही.

पायरी ७ : तिरकी फेक आणि गोफण

ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायला गोफण फिरवतात, ती आठवा. १०० ग्रॅमचा दगड मीटरभर दोरीवर सेकंदाला २० मीटर वेगाने फिरतोय. दोरी त्याला ४० न्यूटन बलाने आत, हाताकडे ओढते. त्याचं वजन आहे १ न्यूटन. ‘बाहेर फेकणारं’ बल इथे कुणीच लावत नाही; देणाऱ्याचं नाव विचारा, सापडणार नाही. दोरीचं एक टोक सुटलं की आतली ओढ संपते आणि दगड त्या क्षणी ज्या दिशेला चाललेला होता त्याच दिशेने, म्हणजे वर्तुळाच्या स्पर्शरेषेवर, निघून जातो. नवशिक्याच्या गोफणीचा दगड भलतीकडे जातो, कारण तो दिशा बघतो पण सोडायची वेळ चुकतो. अशा माणसाच्या कुठल्या बाजूला उभं राहावं याचं उत्तर सोपं आहे: कुठल्याच नाही.

सुटलेल्या दगडावर (हवा सोडली तर) आडव्या दिशेने एकही बाण नाही. म्हणून आडवा वेग तसाच राहतो. उभ्या दिशेने पृथ्वीचा बाण, म्हणून उभा वेग दर सेकंदाला ९.८ ने बदलतो. हे दोन हिशोब वेगळ्या कागदांवर करायचे, एकमेकांत मिसळायचे नाहीत.

सेकंदाला २० मीटर वेगाने फेकलेली वस्तू ४५ अंशांत सर्वात लांब, सुमारे ४१ मीटर जाते. ३० आणि ६० अंशांत अंतर सारखंच, ३५ मीटर. पण ३० अंशांची फेक २ सेकंदांत पोचते, ६० अंशांची साडेतीन सेकंदांत. सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे चेंडू सपाट का फेकतात, ते इथे कळतं. त्या दीड सेकंदात फलंदाज आणखी एक धाव पळण्याच्या बेतात असतो.

पायरी ८ : फिरकी, थोडक्यात

फिरणाऱ्या चेंडूवर हवा आडवंही ढकलते. १८५२ मध्ये हाइनरिश माग्नुसने याचा अभ्यास केला, म्हणून याला ‘माग्नुस परिणाम’ म्हणतात. दिशा ओळखायची खूण: चेंडूचं पुढचं तोंड ज्या बाजूला वळतंय, बल त्या बाजूला. टेबल टेनिसच्या टॉपस्पिनमध्ये पुढचं तोंड खाली वळतं, म्हणून चेंडू टेबलावर अचानक बुडी मारतो. नव्या चेंडूचा स्विंग हे प्रकरण निराळं आहे. तो शिवणीच्या दोन बाजूंना हवा वेगवेगळी सुटल्यामुळे होतो. दोन्हींना एकच नाव देणारी समालोचनं बरीच ऐकू येतात.

बाण कुठे लागतो, तेही महत्त्वाचं. १९८४ मध्ये भालाफेकपटू उवे होनने भाला १०४.८० मीटर फेकला आणि आता मैदान पुरायचं नाही अशी पंचाईत झाली. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य (जिथे भाला बोटावर तोलला जातो ती जागा) ४ सेंटीमीटर पुढे सरकवला. भाल्याचं वजन तेच राहिलं, ८०० ग्रॅम. पण हवेचा बाण आता गुरुत्वमध्याच्या मागे लागू लागला, भाल्याचं टोक लवकर खाली झुकू लागलं आणि अंतरं आटोक्यात आली.

सराव

नवीन कागद घ्या आणि यांचे बाण काढा: दांडूने उडवलेली विटी, खिडकीबाहेर भिरकावलेलं बॅडमिंटनचं फूल, लगोरीवर नेम धरून मारलेला चेंडू. प्रत्येक बाणाशेजारी देणाऱ्याचं नाव लिहा. नाव सुचलं नाही तर बाण खोडा.

शेवटचा प्रश्न थोडा फसवा आहे. सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने धावणाऱ्या एसटीत, खिडक्या बंद असताना, तुम्ही नाणं सरळ वर उडवलं. ते हातातच परत येतं. पुढे जायला त्याच्यावर कुठला बाण? कुठलाच नाही, गाडीचा वेग ते तुमच्या हातातून घेऊनच निघालं होतं. आता नाणं हवेत असताना चालकाने करकचून ब्रेक दाबला आणि नाणं पुढच्या सीटवरच्या आजोबांच्या टोपीवर पडलं. नाण्याला कुणी ढकललं? चित्र काढून बघा. नाण्यावर आधी होता तोच एक खालचा बाण मिळेल, आणि ब्रेकचे सगळे बाण एसटीच्या चाकांवर.